फुलपात्र गरम होतं

खाटेजवळच्या टेबलावरचं फुलपात्र बाजूला सरकवायला म्हणून मी हात लावला आणि चटका बसला. दूध नुकतंच थर्मासमधून ओतलेलं, वाफा निघत होत्या. पोराच्या आईने दुसऱ्या हातातलं औषधाचं पाकीट फाडलं, माझ्यासमोर ते दुधात रिकामं केलं, चमच्याने ढवळलं आणि फुंकर मारत बसली. निवलं की पाजणार होती. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, ती हे न चुकता करत होती. आणि "दुधातून द्या" हे तिला मीच सांगितलं होतं.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मुलांच्या वॉर्डात मी सतरा वर्षं नर्स आहे. जुलैचे दिवस होते, बाहेर चार दिवस झड लागलेली आणि वॉर्डात न्यूमोनियाची पोरं. हे पोर तीन वर्षांचं. आलं तेव्हा छाती उडत होती, मिनिटाला बावन्न श्वास. शिरेतून अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिड हे अँटिबायोटिक सुरू झालं. दुसऱ्या रात्री ताप उतरला, श्वास चौतीसवर आला. तिसऱ्या दिवशी सकाळी आजी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, छाती मोकळी झाली पर पोट सुटलं."

वॉर्डात काम करणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. हे औषध न्यूमोनियाला चांगलं, पण पोट बिघडवण्यात त्याचा नंबर वरचा आहे. अँटिबायोटिकला छातीतले जंतू आणि आतड्यातले जंतू यांतला फरक कळत नाही. मोठ्या आतड्यातले आपले नेहमीचे जिवाणू न पचलेलं पिष्ट आणि तंतू आंबवतात. त्यातून जी आम्लं तयार होतात, त्यांच्यामुळे आतडं पाणी शोषून घेतं. हे जिवाणू कमी झाले की न पचलेलं तसंच पडून राहतं, पाणी धरून ठेवतं आणि जुलाब होतात. शिवाय रिकाम्या झालेल्या जागेत भलतेच जंतू वाढायला लागतात, तो धोका वेगळा.

डॉक्टरांनी ओआरएस लिहिलं, झिंक वीस मिलिग्रॅम चौदा दिवस, आणि सॅकरोमायसिस बोलार्डीची पाकिटं. हे बोलार्डी म्हणजे बॅक्टेरिया नव्हे, यीस्ट आहे, पावाच्या यीस्टचं भावंड. आंरी बोलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या भागात, लिची आणि मँगोस्टीन या फळांवरून ते वेगळं केलं. यीस्ट असल्यामुळे अँटिबायोटिक त्याला मारू शकत नाही, म्हणून दोन्ही एकाच वेळी देता येतात. पोटासाठी मुद्दाम दिलेल्या अशा जिवंत जंतूंना प्रोबायोटिक म्हणतात. दुसरं कुठलं बॅक्टेरियाचं प्रोबायोटिक असेल तर आम्ही अँटिबायोटिकच्या डोसात आणि त्यात दोन तासांचं अंतर ठेवतो.

त्या दिवशी तक्त्यावर सहा जुलाब. दुसऱ्या दिवशी नऊ. पाचव्या दिवशी दुपारपर्यंतच पाच. वजन बारा किलो चारशेवरून अकरा नऊशेवर आलं. ढुंगण लालभडक झालेलं, पुसायला गेलं की पोर किंचाळायचं. आई रात्रभर वाटी-चमचा घेऊन ओआरएस पाजत बसलेली. तिच्या कष्टात कुठे कसूर नव्हती, म्हणूनच त्या फुलपात्राचा चटका मला फार लागला.

तिला रागावण्यात काही अर्थ नव्हता. चूक सांगणाऱ्याची होती. मी खाटेवर टेकले आणि विचारलं, "ताई, घरी विरजण लावता का?"

"व्हय, रोज. म्हैस हाय आमची."

"कधी लावता?"

"राती, दूध कोमट झालं की. बोट बुडवून बघती."

"आणि उकळत्या दुधात लावलं तर?"

"लागंल कसं? मरंल की त्ये." आणि बोलता बोलता ती थांबली. फुलपात्राकडे पाहिलं. चमचा तिच्या हातात तसाच राहिला. "सिस्टर, ह्यात बी जित्तं असतंय?"

मी हो म्हणाले. एका पाकिटात पाचशे कोटी, तसं वरच छापलेलं. वाळवून झोपवलेले, पण जिवंत. ओलावा आणि ऊब मिळाली की जागे होणारे. आपल्या अंगाची ऊब त्यांना मानवते, वाफाळतं दूध मानवत नाही.

आईला पटलं. आजीला पटेना. पदराने हात पुसत ती म्हणाली, "कागदाच्या पुडीत कसलं आलंय जित्तं? पावडर ती पावडर." तिचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे शब्द होते, पण शब्दांवर विश्वास ठेवून इथवर आलो होतो. म्हणून मी उठून ड्रेसिंगच्या खोलीत गेले.

अँटिबायोटिकच्या दोन रिकाम्या काचेच्या बाटल्या घेतल्या, इंजेक्शनच्या, दहा मिलीच्या. धुतल्या. दोन्हीत चिमूटभर ग्लुकोज पावडर टाकली. एकीत थर्मासमधलं कडक पाणी घातलं, दुसरीत मनगटावर थेंब टाकून पाहिलेलं कोमट पाणी. मग एकच पाकीट फोडून निम्मं निम्मं केलं. बदामी रंगाची भुकटी, नाकाजवळ नेली की बेकरीत शिरल्यासारखा वास. हातमोज्याची दोन बोटं कापून दोन्ही बाटल्यांच्या तोंडावर टोपीसारखी बसवली, चिकटपट्टीने पक्की केली आणि दोन्ही बाटल्या कोमट पाण्याच्या किडनी ट्रेमध्ये ठेवल्या. शेजारच्या तीन खाटांवरच्या आयाही बघायला आल्या. बोटं दोन्ही बाटल्यांवर लोळत पडली होती.

मी औषधाची फेरी सुरू केली. दोन सलाइन बदलायची होती, एका बाळाची वाफ द्यायची होती. मधूनमधून ट्रेमधलं पाणी बदलत होते, तेवढंच. तास झाला असेल, कोमट बाटलीत कडेने बारीक बुडबुडे दिसायला लागले, ताकावर दिसतात तसे. दीड तासाने त्या बाटलीवरचं बोट अर्धवट उचललं गेलं. दोन तास होत आले तेव्हा ते ताठ उभं होतं, पांढरं, फुगलेलं, कुणीतरी आतून हवा भरावी तसं. दुसरं बोट जसंच्या तसं लुळं. खाली भुकटीचा गाळ बसलेला.

आजी कितीतरी वेळ त्या ट्रेसमोर वाकून उभी होती. तिने करंगळीने त्या फुगलेल्या बोटाला हळूच दाबून पाहिलं. मग सुनेला म्हणाली, "आन आपुन दोन दिस मढं पाजलं गं लेकराला."

मला ते वाक्य अजून ऐकू येतं. मेलेल्या यीस्टने पोराचं काही वाईट झालं नव्हतं, हे मी तिला सांगितलं. पण फायदाही पोचला नव्हता. त्या संध्याकाळचं पाकीट आईने साध्या उकळून गार केलेल्या पाण्यात, वाटीत, बोट बुडवून बघून कालवलं आणि लगेच पाजलं. कालवून ठेवायचं नाही, हेही तिने मला न विचारता ओळखलं.

सहाव्या दिवशी सहा जुलाब झाले, पण पाण्यासारखे नव्हते. सातव्या दिवशी तीन. त्या रात्री पोर सलग झोपलं आणि त्याची आईही, जमिनीवर चटई टाकून.

पाकिटामुळेच थांबलं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. सहाव्या दिवशी शिरेतलं औषध बंद होऊन तोंडाने सुरू झालं होतं, ओआरएस आणि झिंक चालूच होतं, आणि असे जुलाब पुष्कळदा आपले आपण उतरतात. एका पोरावरून निकाल लावता येत नाही, म्हणून तर हजारो मुलांवर चाचण्या करतात. आमच्या डॉक्टरांनी शनिवारच्या वर्गात आम्हाला कॉक्रेनचा, म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, २०१९ चा आढावा समजावून सांगितला होता. तेहतीस चाचण्या, ६,३५२ मुलं, सगळी अँटिबायोटिकवर. सोबत प्रोबायोटिक न मिळालेल्यांपैकी १९ टक्क्यांना जुलाब झाले, मिळालेल्यांपैकी ८ टक्क्यांना. हा फरक लहान नाही. माझ्यासारखीला त्याचा अर्थ असा, की शंभर पोरांमागे दहा-अकरा आयांची रात्र सुटते. आणि त्यातली महत्त्वाची गोष्ट ही, की तिथे प्रोबायोटिक अँटिबायोटिकच्या बरोबरीने सुरू केलं होतं. आमच्याकडे जुलाब लागल्यावर सुरू होतं. त्या पावसाळ्यानंतर आम्ही डॉक्टरांशी यावर बोललो. आता ज्या पोराला हे औषध जास्त दिवस द्यायचं आहे, त्याच्या कागदावर बहुतेक वेळा पाकीट पहिल्याच दिवशी असतं.

याच वर्गात डॉक्टरांनी उलट बाजूही दाखवली होती. २०१८ साली अमेरिकेत आणि कॅनडात साध्या जुलाब-उलटीच्या मुलांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. वेगवेगळे लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दह्यातल्या जिवाणूंच्या जातकुळीतले जिवाणू, वापरले. दोन्हीकडे काही फायदा दिसला नाही. म्हणजे प्रोबायोटिक हे एका औषधाचं नाव नाही. कुठला जीव, किती, कुणाला आणि कशासाठी, हे सगळं जुळावं लागतं. दुकानात जाऊन "पोटाची चांगली पावडर द्या" म्हणणाऱ्या बाईला मी हेच सांगते, आणि पैसे वाचवून ओआरएस घ्यायला लावते.

पण जुळलं तर काय होतं, याचं माझ्या मनात घर केलेलं उदाहरण ओडिशातलं आहे. तिथल्या खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी केली, २०१७ साली ती 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापून आली. जन्मानंतर दोन-चार दिवसांत सुरू करून सात दिवस, लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक निवडक वाण आणि त्याचं खाद्य म्हणून एक प्रकारची साखर. रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण जिवाणू नसलेली नुसती पावडर मिळालेल्या बाळांत ९ टक्के होतं, ते ५.४ टक्क्यांवर आलं. मी नवजात कक्षातही तीन वर्षं काढली आहेत. रात्री तीन वाजता थंडगार पडलेलं बाळ हातात घेऊन धावणं काय असतं ते मला माहीत आहे. त्यामुळे हा आकडा मी कधी नुसता आकडा म्हणून वाचू शकले नाही.

मुदतीच्या फार आधी जन्मलेलं, अगदी हलकं बाळ असेल तर मात्र डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय प्रोबायोटिकचा थेंबही द्यायचा नाही. आणि बोलार्डीचं पाकीट अतिदक्षता विभागात, सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेली नळी, लावलेल्या रुग्णाजवळ फोडायचंच नाही. हाताला लागलेली भुकटी नळीवाटे रक्तात शिरून तिथे यीस्ट वाढल्याच्या घटना झालेल्या आहेत. युरोपच्या औषध संस्थेने २०१७ साली अशा रुग्णांना ते द्यायला मनाईच केली. जे पोटात जिवंत राहून काम करतं, ते रक्तातही जिवंतच असतं. त्या दिवशी आमच्या वॉर्डात कुणाला सेंट्रल लाइन नव्हती, तरी बाटल्यांचं काम मी ड्रेसिंगच्या खोलीत केलं आणि कोपरापर्यंत हात धुऊन बाहेर आले.

दह्याचा प्रश्न आजीने काढला. खोकला म्हणून तिने आठ दिवस पोराच्या ताटातून दही काढलं होतं, आणि आता विचारत होती, "मग घरचं दही का नगं?" मी म्हटलं, दुपारी ताजं, गोड दहीभात खुशाल द्या. जुलाबानंतर आतड्याला कधी कधी काही दिवस दुधातली साखर नीट पचत नाही. दह्यातले जिवाणू ती पचवायला मदत करतात, म्हणून दुधापेक्षा दही सोसतं. मात्र घरच्या दह्यात कुठला वाण किती आहे हे कुणी मोजलेलं नसतं. ते अन्न आहे, पाकिटाची जागा घेणार नाही. आणि पाकीट बंद केल्यावर त्यातलं यीस्टही चार-पाच दिवसांत शौचावाटे निघून जातं. ते वस्तीला येत नाही, पडझड झालेल्या दिवसांत हाताशी उभं राहतं आणि जातं. मग घरचे जिवाणू वाढवायचे ते भाकरी, डाळी, भाज्या, केळं यांवरच.

आठव्या दिवशी सुट्टीचा कागद झाला. वजन बारा एकशे. मी कागदावर पाकिटासमोर "कोमट पाण्यातून, लगेच" असं लिहिलं आणि कोमटखाली लाल रेघ मारली. आई वाचता येणारी होती, तिने ती रेघ बोटाने शिवून पाहिली.

निघताना आजी शेजारच्या खाटेपाशी रेंगाळली. तिथे आदल्या रात्रीच एक मुलगी दाखल झाली होती, तिची आई पाकीट हातात घेऊन सूचना वाचत होती. आजीने तिचं फुलपात्र उचललं, तळहातावर धरून पाहिलं आणि म्हणाली, "थांब, निवू दे. इरजणावानी दे." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, ती फुगलेली बाटली गावात दाखवायला नेऊ का. मला द्यावीशी वाटत होती. पण बाटली निळ्या डब्यात आणि मोज्याचं बोट लाल पिशवीत त्याच रात्री गेलं होतं. मी तिला एक कोरा हातमोजा दिला. तिने तो घडी करून कमरेच्या पिशवीत, पान-सुपारीशेजारी ठेवला.