विलंबित क्रंक
अमेरिकन रॅपर लिल जॉन आठवतोय का? डोळ्यावर काळा गॉगल, तोंडात चकचकीत धातूचे दात, हातात खडे जडवलेला पेला, आणि काहीही विचारा तरी उत्तरं ठरलेली तीनच, "येऽऽऽह", "व्हॉऽऽट" आणि "ओऽकेऽ". 'गेट लो' ज्यांनी ऐकलंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. ते गाणं २००२ च्या 'किंग्ज ऑफ क्रंक' मधलं, पुढच्या वर्षी बिलबोर्डच्या हॉट १०० वर दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं, आणि त्यानंतर अटलांटाच्या क्लबांमधला तो आरडाओरडा, म्हणजेच क्रंक, सगळ्या जगात पोचला. त्याच्या पुढचा अल्बम 'क्रंक ज्यूस', १६ नोव्हेंबर २००४ चा, लिल जॉन अँड द ईस्ट साइड बॉयझ या नावाने. निव्वळ पार्टी अल्बम. विचार करायला नाही, उड्या मारायला.

तर या उड्या मारायच्या अल्बमची एक चॉप्ड अँड स्क्रूड आवृत्ती पण आहे. म्हणजे तोच अल्बम, फक्त सगळा हळू केलेला आणि मधूनमधून कापलेला. सध्या गाडीत माझं तेच चालूय आणि बायकोने स्पष्ट सांगितलंय की ती बसलेली असताना लावायचं नाही.

आता हे हळू करायचं खूळ अटलांटाचं नाही हां, ते आमच्या ह्यूस्टनचं. आमच्या म्हणजे, मी शुगर लँडच्या बाजूला राहतो, इथल्या आपल्या मंडळाच्या गणपतीत रांगोळी घालणाऱ्यांच्या गर्दीत मोडतो, हे खूळ जिथे सुरू झालं त्या साउथ साइडशी माझा संबंध ऑफिसला जाताना लागणाऱ्या ५९ नंबरच्या हायवेपुरता. पण या शहरात राहून ते सुरू करणाऱ्या डीजे स्क्रूचं नाव कानावर आलं नाही असं होत नाही. खरं नाव रॉबर्ट अर्ल डेव्हिस ज्युनियर, जन्म १९७१, टेक्सासमधल्याच स्मिथव्हिलचा. नव्वदच्या दशकात हा माणूस घरी बसून मिक्सटेप बनवायचा, करड्या रंगाच्या कॅसेटवर, आणि घरूनच विकायचा. संध्याकाळी घराबाहेर गाड्यांची रांग लागायची, इतकी की पोलिसांना वाटलं इथे ड्रग्जचा धंदा चालतो. चालायचा तो कॅसेटचा. १९९८ ला त्याने कलन बुलेव्हार्डवर रीतसर दुकानच काढलं.

तो करायचा कसं ते बघा, कारण मला यातलं सगळ्यात भारी हेच वाटतं. दोन टर्नटेबल, दोन्हीवर एकाच गाण्याची रेकॉर्ड, दुसरी पहिलीपेक्षा एक ठेका मागे. मधला फेडर, म्हणजे एका रेकॉर्डवरून दुसरीवर नेणारा खटका, फटकन इकडून तिकडे सरकवला की आत्ताच ऐकलेला शब्द परत येतो, परत सरकवला की परत येतो, आणि गंमत म्हणजे ठेका जागचा हलत नाही कारण मागची रेकॉर्ड बरोब्बर एकाच ठेक्याने मागे आहे. हे झालं चॉप. आणि हळू करणं? टेक्निक्स कंपनीच्या टर्नटेबलवर वेग कमी-जास्त करायचा खटका आठ टक्क्यांच्या पुढे जात नाही, तेवढ्याने याचं समाधान व्हायचं नाही, म्हणून अख्खं मिक्स फोर-ट्रॅक कॅसेट रेकॉर्डरवर घेऊन तिथे टेपचाच वेग उतरवायचा. म्हणजे कापाकापी आधी, तीसुद्धा हाताने, आणि उतार नंतर. का करायचा तर त्याचं म्हणणं असायचं की पोरं काय म्हणतायत ते लोकांना नीट ऐकू आलं पाहिजे.

याला आपल्याकडचे लोक लगेच विलंबित म्हणतील, शीर्षकात मीच म्हटलंय, पण विलंबितात गायक पट्टी सोडत नाही, लय तेवढी कमी होते. इथे लयीबरोबर पट्टी पण खाली येते. वेग वीस टक्क्यांनी कमी केला की सूर जवळजवळ चार अर्ध्या स्वरांनी उतरतो, पेटीवर सांगायचं तर काळी पाचचं गाणं काळी तीनवर येऊन बसतं. 'क्रंक ज्यूस' मधलं 'लव्हर्स अँड फ्रेंड्स' घ्या, अशर आणि लुडाक्रिसबरोबरचं. मूळ गाण्यात अशर कसा गातो, पातळ, गुळगुळीत, कॉलेजच्या पोरींना पटवायला निघालेला. तोच आवाज खाली उतरला की एकदम चाळिशीतला बाप्या गातोय असं वाटतं, घटस्फोट वगैरे झालेला, आणि जे लाडीगोडीचं वाटत होतं ते विनवण्या केल्यासारखं वाटायला लागतं. शब्द तेच, गायक तोच. अख्ख्या अल्बममध्ये मला हे सगळ्यात आवडतं, मूळ गाण्यापेक्षा जास्त, आणि यावर भांडायला तयार आहे.

बाकी क्रंकची गाणी स्क्रूला का चालतात तर त्यात मुळात सामानच कमी असतं. ८०८ ड्रम मशीनचा धम्म, टाळी, कीबोर्डवरची चार सुरांची भीती घालणारी ओळ, आणि वीस जण मिळून एकच वाक्य ओरडतायत. मोकळी जागा भरपूर. हळू केलं की ती जागा आणखी पसरते, टाळी पडते आणि पुढच्या धम्मपर्यंत वाट बघायला लागते, आणि ती वाट बघण्यातच मजा आहे. धम्म पण बदलतो. पन्नास हर्ट्झचा असेल तर चाळीसवर जातो, म्हणजे फोनच्या स्पीकरवर, लॅपटॉपवर तुम्हाला शून्य ऐकू येणार, गाडीत मात्र सीट हलणार. आणि लिल जॉनचा तो "येऽऽऽह", तो आता दुपारी गोठ्यात म्हैस रेकावी तसा येतो, लांबलचक, कुणाची घाई नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सिग्नलला एकटा हसत होतो.

सगळंच जमतं असं मात्र नाही. याच अल्बममध्ये निर्माता रिक रुबिनने केलेलं एक गाणं आहे, स्लेयर या मेटल बँडच्या गिटारवर, मूळ वेगात ते अंगावर येतं. मेटलच्या गिटारला धार असते ती वेगामुळे, हळू केली की सगळा गाळ. आणि मूळ अल्बममध्ये विनोदवीर क्रिस रॉकचं एक स्किट आहे. विनोद हळू करून बघा कधीतरी, कुणाचाही. मरतो.

आता माझी खरी तक्रार. २००३ ते २००६ च्या दरम्यान रेकॉर्ड कंपन्यांना कळलं की टेक्सासमध्ये हे खपतं. तोवर स्क्रू नव्हता, १६ नोव्हेंबर २००० ला वयाच्या २९ व्या वर्षी त्याच्या स्टुडिओत खोकल्याच्या औषधातल्या कोडीनच्या अतिसेवनाने गेला. ('क्रंक ज्यूस' बरोब्बर चार वर्षांनी त्याच तारखेला आला, योगायोगच असणार, पण मला तो खटकतो.) नॉर्थ साइडला मायकेल '५०००' वॉट्स आणि ओजी रॉन सी यांनी १९९७ पासून स्विशाहाऊस हे लेबल चालवलं होतं, ते जोरात होते, २००५ मध्ये माइक जोन्स, पॉल वॉल, स्लिम थग या रॅपरांमुळे सगळ्या देशाची नजर ह्यूस्टनवर, मग काय, दक्षिणेतला कुठलाही रॅप अल्बम आला की मागोमाग त्याची स्क्रूड आवृत्ती. काही मन लावून केलेल्या, डेव्हिड बॅनरच्या 'मिसिसिपी' ची वॉट्सने केलेली ऐका, त्यात कापणाऱ्या माणसाचा हात ऐकू येतो. आणि काही अशा की नुसता वेग उतरवलाय, चार ठिकाणी उगाच कापलंय, झालं, लावा स्टिकर. 'क्रंक ज्यूस' ची मला मधली वाटते, काही गाण्यांवर मेहनत, काहींवर पाट्या टाकल्यात.

कारण हळू करणं कुणालाही जमतं हो. आज तर एक बटण आहे. यूट्यूबवर स्लोड प्लस रिव्हर्बचा, म्हणजे हळू करून घुमवलेल्या गाण्यांचा, जो पूर आलाय, अरिजितची गाणी, नव्वदची गाणी, अजय-अतुलची पण, पुण्यातला माझा भाचा रोज एक लिंक पाठवतो, त्याची सुरुवातसुद्धा २०१७ च्या आसपास ह्यूस्टनच्याच एका पोराने केली असं मानतात. ऐकायला बरं वाटतं, पावसात, खिडकीत, वगैरे. पण त्यात चॉप नाही. कुठला शब्द परत आणायचा, किती वेळा आणायचा, कुठे सोडून द्यायचा हे ठरवणारा माणूसच नाही त्यात. स्क्रूच्या 'जून २७' टेपवर, १९९६ ची, मित्राच्या वाढदिवसाची, पोरं पस्तीस मिनिटांच्या वर आळीपाळीने तिथल्या तिथे रॅप करतायत आणि मागे बीट अख्खा वेळ लोळतोय, ती ऐकलीत तर फरक लगेच कळेल.

आणि ते कोडीनचं. लोक सरसकट म्हणतात की हे नशेत ऐकायचं संगीत, सर्दी-खोकल्याचं औषध सोड्यात घालून पिणाऱ्यांचं. ती सवय इथे होती आणि आहे, तिने स्क्रूला नेलं, नंतर इतरांना पण नेलं, त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. पण मी चहा पिऊन ऐकतो आणि मला पूर्ण कळतं. हे संगीत गाडीसाठी आहे. ह्यूस्टन इतकं पसरलेलं की आयुष्य गाडीतच जातं. रविवारी एमएलके बुलेव्हार्डच्या बाजूला गेलात तर स्लॅब दिसतील, जुन्या कॅडिलॅक, ब्यूक, कँडी पेंट, चाकांतून बाहेर आलेले तारांचे लांब शंकू, डिकी उघडी आणि आत निऑनची अक्षरं. एकदा पेट्रोल भरताना शेजारच्या पंपावर अशी एक गाडी उभी होती, शब्द एकही कळत नव्हता पण तिच्या नंबर प्लेटचा खडखडाट ठेक्यात होता, आणि माझ्या कॅमरीच्या कप होल्डरमधली चिल्लर पण वाजायला लागली. हेडफोनवर हे सगळं कसं कळणार?

तर ऐकायचंच असेल तर आधी मूळ 'क्रंक ज्यूस' एकदा पुरं ऐका, मग 'लव्हर्स अँड फ्रेंड्स' ची स्क्रूड, मग लिल स्क्रॅपीबरोबरचं 'व्हॉट यू गॉन डू'. गाडीत, बास पूर्ण. फक्त कारपूलमध्ये नको आणि सासरे बसलेले असताना तर अजिबात नको, एरवी या अल्बममधल्या शिव्या इतक्या वेगात जातात की निम्म्या कळतच नाहीत, इथे एकेक शिवी सावकाश, स्पष्ट उच्चारात येते आणि कापणाऱ्याला आवडली तर तीनदा येते.