मोरी फोडली तेव्हा

आमची इमारत १९७४ सालची, ठाण्यात नौपाड्यात. लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. बाथरूम ४ फूट बाय ६ फूट. आई अजून त्याला मोरीच म्हणते. कोपऱ्यात कपडे धुवायचा दगड, भिंतीला कंबरेपर्यंत पिवळट पडलेल्या टाइल्स. चाललं होतं तसं. मग एके दिवशी खालचे काका मोबाइल घेऊन वर आले. त्यांच्या छताचा फोटो होता, ओल उतरून पोपडे लोंबलेले.

माझा बेत साधा होता. जुन्या फरशीवरच नव्या टाइल्स चिकटवायच्या, आठवड्यात काम संपवायचं. मिस्त्रींनी हातोड्याच्या दांड्याने फरशी ठोकून पाहिली. मधे बद्द आवाज येत होता. "साहेब, वरून पावडर लावून काय होणार? फोडावीच लागेल."

फोडली. फरशीखाली आठ इंच कोबा, म्हणजे भराव, सगळा ओला गच्च. न्हाणी ट्रॅप, म्हणजे मोरीतलं पाणी जिथून पाइपात उतरतं तो भाग, बिडाचा (बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही त्याला 'नहाणी ट्रॅप'च म्हणतात, याची मला उगाच मजा वाटते), आणि त्याला अशी चीर की माझी करंगळी आत गेली. भिंतीतला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप कापला तर आत गंज साचून जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक उरलेलं. शॉवरला धार का नाही, म्हणून मी पाच वर्षं सोसायटीच्या टाकीला दोष देत होतो.

राडारोडा ६२ गोणी निघाला. जिन्यावरून उतरवायचे गोणीमागे वेगळे पैसे, हे कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हतं.

नवे सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचे पाइप बसल्यावर प्लंबरने पंप लावून दाब तपासला. टाइल्स लागायच्या आधी मी भिंतीला टेप धरून प्रत्येक पाइपचा फोटो काढून ठेवला. अख्ख्या कामात मला आपणहून सुचलेली शहाणपणाची गोष्ट एवढीच. पुढे टॉवेलचा रॉड लावताना ड्रिल गरम पाण्याच्या लाइनवर जाणार होतं, ते त्या फोटोमुळे वाचलं.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर, गळतं का ते बघायला, ट्रॅपला बोळा लावून पाणी कोंडलं आणि पातळीला पेन्सिलने रेघ मारली. तीन दिवस ठेवायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी रेघेच्या बोटभर खाली. मिस्त्री म्हणाले, "उन्हानं आटलं असेल." बाथरूममध्ये कुठलं ऊन? ट्रॅपच्या गळ्याशी पुन्हा माल भरला, पुन्हा तीन दिवस. या वेळी रेघ हलली नाही.

मला मोठ्या, चकचकीत टाइल्स हव्या होत्या. मिस्त्रींनी त्या जमिनीला लावू दिल्या नाहीत, आणि ते बरोबर होते. एवढ्याशा जागेत चारी बाजूंनी ट्रॅपकडे ढाळ द्यायचा तर टाइल लहान हवी, शिवाय खरखरीत. आम्ही एक बाय एक फुटाच्या घेतल्या. सहा फुटांत इंचभर ढाळ ठरला.

तरी दाराशी चुकलंच. टाइल्स लागल्यावर आईने तांब्याभर पाणी ओतलं आणि दारात उभी राहून बघत बसली. उंबऱ्यालगत तळहाताएवढं डबकं उरलं. "वाळेल ते आजी," मिस्त्री म्हणाले. "मी पडेन त्याच्या आधी वाळेल का?" आईने विचारलं. तीन टाइल्स उखडल्या. मिस्त्री त्या दिवशी आमचा चहाही प्यायले नाहीत.

आठवड्याचं काम २३ दिवस चाललं. ७५ हजारांचे १ लाख १८ हजार झाले. तेवढे दिवस आम्ही अंघोळीला खालच्या काकूंकडे जात होतो, बादल्या आणि टॉवेल घेऊन, त्याच गळक्या छताखाली. काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत. काका मात्र रोज वर बघून दाखवायचे.

छत वाळायला दोन महिने लागले. रंगाचा खर्च माझाच ठरलाय. रंग कोणता, यावर काका-काकूंचं अजून जमलेलं नाही.