तठे पानी शे का?

घर दाखवणाऱ्या बाईंनी दारातच माफी मागितली. "इथे रेफ्रिजरेटेड एअर नाही, नुसता स्वॉम्प कूलर आहे." रेफ्रिजरेटेड एअर म्हणजे आपला एसी. मी मान वर करून पाहिलं. सपाट छतावर पत्र्याची चौकोनी पेटी, तिच्यात शिरलेली पाण्याची बारीक नळी आणि भिंतीवर गंजाचे ओघळ. कूलर! मी नागपूरची. एप्रिल लागला की बाबा कूलर खाली उतरवायचे, जुन्या ताट्या फेकून वाळ्याच्या नव्या बसवायचे आणि पहिलं पाणी पडलं की घरभर तो वास सुटायचा. बाई बिचाऱ्या घराचा कमीपणा सांगत होत्या आणि मी भाडं न विचारताच घर पसंत करून बसले होते. नवऱ्याने हळूच माझ्या पायावर पाय दिला.

हे अल्बुकर्की, न्यू मेक्सिको. आम्ही शिकागोहून आलो होतो, आणि हौसेची सहल म्हणून आलो नव्हतो. शिकागोत आम्हाला सहा वर्षं झाली. मित्र आहेत, मंडळाचा गणपती आहे, डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर कोथिंबिरीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं. पण जानेवारी २०१९च्या त्या थंडीत, उणे ३० सेल्सियसमध्ये, नाकातले केस गोठल्यावर मी पहिल्यांदा म्हणाले होते, "अरे, आपण उन्हातली माणसं आहोत." तेव्हापासून ते वाक्य घरात एखाद्या पाहुण्यासारखं राहिलंय. यंदा नवऱ्याला अल्बुकर्कीतल्या एका रुग्णालयाने प्रयोगशाळेच्या कामासाठी विचारलं आणि पाहुण्याने सामानच सोडलं. माझं काम लॅपटॉपवरचं. मात्र एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर घरून काम म्हणजे वाटेल त्या घरून काम नव्हे. दुसऱ्या शहरात गेलात की कंपनीला अर्जात दुरुस्ती करून तो पुन्हा दाखल करावा लागतो. म्हणजे आधी जागा पाहायची, मग वकिलाला विचारायचं, मग कंपनीची मनधरणी. आम्ही पहिल्या पायरीवर होतो.

विमानाने तीन तासांत पोचलो असतो. पण जिथे राहायला जायचं तिथली वाट डोळ्यांखालून गेली पाहिजे, असा नवऱ्याचा हट्ट. म्हणून साउथवेस्ट चीफ ही रेल्वे पकडली. ती दुपारी तीनच्या सुमारास शिकागो सोडते आणि जवळपास २६ तासांनी अल्बुकर्कीला पोचते. रात्रभर कॅन्सस. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आम्ही झोपलो होतो. सकाळी कोलोरॅडोत जाग आली तेव्हा बाहेरचा रंगच बदलला होता. मक्याचा हिरवा संपून सगळं साळुंकीच्या पाठीसारखं तपकिरी. मग रॅटन घाट. सुमारे साडेसात हजार फुटांवर गाडी धापा टाकत चढते आणि पलीकडे न्यू मेक्सिको सुरू होतं. पुढे लास वेगास नावाचं स्टेशन लागतं. जुगारवालं नव्हे, हे वेगळं गाव. त्याच्या मागच्या डोंगरांत २०२२ साली या राज्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा वणवा पेटला होता. सव्वातीन लाख एकरांहून जास्त जंगल जळलं, आणि सुरुवात झाली ती वनखात्यानेच नियंत्रित म्हणून लावलेल्या आगींतून. समोर बसलेल्या आजोबांनी हे सांगितलं आणि खिडकीबाहेर बघत गप्प झाले. आम्ही घराच्या विम्याबद्दल काहीतरी बोलत होतो, ते बोलणं तिथेच थांबलं.

शुक्रवारी सकाळी चार घरं पाहिली. कूलरचं सांगितलंच. त्याची दुसरी बाजूही नागपूरचीच निघाली. इथेही मान्सून असतो. शब्दही हाच, मान्सून. सरकारी हिशेबाने १५ जून ते ३० सप्टेंबर. दुपारी डोंगरावर ढग जमतात, तासभर बदाबदा कोसळतं, मग पुन्हा ऊन. आणि हवेत ओल आली की कूलर नुसता दमट वारा फेकतो. जुलैत बाबा कूलरला शिव्या घालायचे, इथले लोकही घालतात. फरक एवढाच की हा सगळा मान्सून धरूनही अल्बुकर्कीत वर्षाला नऊ इंचांच्या आसपासच पाऊस होतो. नागपुरात एकटा जुलै याहून जास्त पडतो.

नोकऱ्यांचंही तिथेच कळलं. या भागातले मोठे मालक म्हणजे सँडिया आणि लॉस अलामोसच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा, आणि त्यांच्या बहुतेक जागांना अमेरिकन नागरिकत्व लागतं. म्हणजे रुग्णालयाचं काम उद्या सुटलं तर शिकागोसारख्या दहा दारांवर टकटक करता येणार नाही. नवऱ्याने हे वहीत लिहून घेतलं. मी सँडिया डोंगर बघत होते. स्पॅनिशमध्ये सँडिया म्हणजे कलिंगड. सूर्य मावळताना सगळा डोंगर कापलेल्या फोडीसारखा गुलाबी होतो. दहा मिनिटं. मग विझतो.

त्याच संध्याकाळी सांता फेला गेलो, कारण लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीच्या, आधीचा शुक्रवार होता आणि त्या दिवशी तिथे झोझोब्रा जाळतात. झोझोब्रा म्हणजे ५० फुटी पुतळा, पांढरा, लांब हातांचा, रडक्या तोंडाचा. विल शुस्टर नावाच्या चित्रकाराने १९२४ साली ही प्रथा सुरू केली. वर्षभराची दुःखं लोक कागदावर लिहून देतात. घटस्फोटाची कागदपत्रं, दवाखान्याची बिलं, काय वाटेल ते. सगळं पुतळ्याच्या पोटात. अंधार पडला की तो हात हलवत कण्हायला लागतो आणि मैदानातली हजारो माणसं ओरडतात, जाळा त्याला!

मला हसू आवरेना. हे तर आमचं मारबत! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात महाल, इतवारी या भागांतून काळ्या-पिवळ्या मारबतीचे पुतळे निघतात, सोबत पुढाऱ्यांची टर उडवणारे बडगे, आणि सगळं शहर ओरडतं, ईडा-पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत! दिवससुद्धा जवळपास तेच. आईला व्हिडिओ कॉल लावला तर तिकडे शनिवारची सकाळ. तिने जळता पुतळा पाहिला आणि म्हणाली, "वो बाप्पा! एवढ्या लांब जाऊन हेच पाहून राह्यली का तू?" माझ्या चिठ्ठीत मी "ग्रीन कार्डची रांग" असं लिहिलं होतं. ती जळाली असावी. रांग अजून आहे.

सांता फे सात हजार फुटांवर आहे. हे कोरडं भूगोलाचं वाक्य वाटेल, पण भाड्याच्या खोलीत उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजवायला ठेवून बघा. पाणी ९३ अंशांवरच उकळतं. दीड तासाने डाळ पातेल्यात तळाशी बसून आमच्याकडे बघत होती. शेवटी टोर्टिया आणि हिरव्या मिरचीचा रस्सा खाल्ला. इथे कुठल्याही खानावळीत बसलात की पहिला प्रश्न येतो, लाल की हिरवी? हा राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, विधिमंडळाने ठरवलेला. दोन्ही हवी असेल तर "ख्रिसमस" म्हणायचं. आणि सप्टेंबरात किराणा दुकानांबाहेर जाळीचे मोठे पिंप गॅसच्या जाळावर गरगर फिरवत पोतीच्या पोती मिरच्या भाजतात. त्या खकाण्यात नवरा डोळे मिटून उभा राहिला. तो धुळे जिल्ह्यातला. खानदेशात थंडीत शेतावर काड्यांच्या जाळात भरताची वांगी आणि मिरच्या भाजतात, तोच वास. मला वाटतं तो त्या दिवशी मनाने इथे राहायला आलाच होता.

पण त्याला खरं धरलं ते मातीने. सांता फेत जिकडेतिकडे मातकट, गोल कोपऱ्यांची, सपाट छपरांची घरं. १९५७च्या नियमाने जुन्या भागात याच घडणीची सक्ती केली. नवरा प्रत्येक भिंतीवर टकटक करत चालला. "पोकळ. लाकडी सांगाडा, वरून सिमेंट." मातीच्या रंगाचं सिमेंट! अस्सल अडोब, म्हणजे माती आणि काडाच्या उन्हात वाळवलेल्या विटांचं घर, आता महाग. साक्री तालुक्यातलं त्याच्या आजोबांचं धाब्याचं घर असंच होतं. जाड मातीच्या भिंती, लाकडी सरे, वर मातीचं सपाट छत, दर पावसाळ्याआधी लिंपायचं. पाच वर्षांपूर्वी पाडलं आणि स्लॅब टाकला. आता मे महिन्यात तिथे बसवत नाही. सांता फेच्या उत्तरेला असलेल्या ताओसजवळच्या रांचोस गावातल्या चर्चचीही गोष्ट तशीच. गेल्या शतकात तिथेही एकदा लिंपणाची कटकट नको म्हणून सिमेंटचा गिलावा केला. आत पाणी कोंडून भिंती सडायला लागल्या. सिमेंट उतरवून ते पुन्हा मातीवर आले. आता दरवर्षी जूनमध्ये गावची माणसं जमून चर्च हाताने लिंपतात. नवरा त्या भिंतीला गाल लावून उभा होता. मी फोटो काढला नाही.

ताओसचा मारुती सांगायचा राहिलाच. हो, मारुती. नीम करोली बाबांच्या आश्रमात संगमरवरी, उड्डाण घेणारा. रविवार होता. हनुमान चालीसा म्हणणारे बहुतेक गोरे, उच्चार आमच्याहून काळजीपूर्वक. प्रसाद पोटभर, चहा आलं घातलेला. चार दिवसांत पहिल्यांदा डाळ नीट शिजलेली मिळाली.

दोन रात्री आम्ही सांता फेच्या उत्तरेला एका खोऱ्यात राहिलो, एका आजींच्या आवारातल्या छोट्या खोलीत. मागे सफरचंदाची झाडं आणि झाडांमागे हातभर रुंद पाट. याला इथे असेकिया म्हणतात. शब्द मुळात अरबी, स्पेनमार्गे आलेला. नदीवर छोटा बांध, तिथून पाट, पाटावर हक्कदार शेतकरी, आणि पाण्याच्या पाळ्या ठरवणारा मायोर्दोमो. असे सुमारे ७०० पाट राज्यात आजही चालतात. आजी या वर्षी मायोर्दोमो होत्या. वय सत्तरीपुढे, पायात गमबूट.

नवऱ्याने बसल्या बसल्या कागदावर धुळ्याकडची पांझरा नदी काढली. बंधारा, पाट, फड म्हणजे पाटाखालच्या शेतांचे गट. कुठल्या फडात यंदा कोणतं पीक घ्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्याचे आजोबा पाटकरी होते. आजींनी कागद चष्म्याजवळ नेऊन पाहिला आणि एकच विचारलं, "शेवटच्या शेताला पाणी पोचतं का?" नवरा म्हणाला, "आता नाही पोचत. बोअरवेली झाल्या." त्या म्हणाल्या, "हं."

मग आजी बोलल्या. मोठ्या शहरांतून तरुण जोडपी येतात, घर बघतात, त्यांना पाटाचं पाणी खळखळताना आवडतं. घर घेतात, पाण्याचा हक्क घरासोबत येतो. पण मार्चमध्ये पाट साफ करायला फावडं घेऊन उतरायचं म्हटलं की कोणी पैसे पाठवतो, कोणी तेही नाही. आणि त्यांच्या किमतीत गावच्या पोरांना घर परवडत नाही. आवाजात राग नव्हता. मला मात्र मुंबई-पुण्याच्या लोकांनी कोकणात घेतलेली बंद घरं आठवली आणि आम्ही त्या चार घरांकडे कोणत्या नजरेने पाहिलं होतं तेही.

रात्री सासऱ्यांचा फोन आला. पगार, घर, थंडी, सगळं नवऱ्याने सांगितलं. मी मध्येच कूलरचं घुसवलं. ते सगळं ऐकून घेऊन अहिराणीत म्हणाले, "तठे पानी शे का?" तिथे पाणी आहे का?

नवऱ्याला पटकन सांगता येईना. अल्बुकर्कीच्या नळाला २००८पासून जे पाणी येतं त्यातलं बरंचसं पलीकडच्या, कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातलं आहे. डोंगराखालून बोगदे काढून इकडे आणलेलं. आणि शहरामधून वाहणारी रिओ ग्रांदे जुलै २०२२मध्ये शहरातच कोरडी पडली, जवळपास ४० वर्षांत पहिल्यांदा. "शे," तो शेवटी म्हणाला, "पन दुसऱ्याचं."

परतीच्या गाडीत तो वही काढून बसला होता. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. घाट उतरल्यावर त्याने वही मिटली आणि भाजलेल्या मिरच्यांची बर्फात ठेवलेली पिशवी गळत तर नाही ना ते बघून आला. रुग्णालयाने महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलंय. वकिलाचा मेल आलाय, लांबलचक, मी अजून अर्धाच वाचलाय.

आजींना मात्र उत्तर देऊन झालं. मार्चमधल्या सफाईला आम्ही येतोय, नोकरी घेतली तरी आणि नाही घेतली तरी. मी तीन दिवसांची रजा टाकली आहे. फावडी त्यांच्याकडे आहेत, गमबूट तेवढे आमचे आम्ही आणायचे.