खंबाटकीच्या अलीकडे न आलेले क्लब

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीमधला आपला हिस्सा सोडला आणि क्लबची मालकी पुन्हा पूर्णपणे मूळ भारतीय मालकांकडे आली. मँचेस्टर सिटीमागे असलेल्या या समूहाने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटीचे ६५ टक्के भाग घेतले, तेव्हा न्यूयॉर्क, मेलबर्न, योकोहामा, मोंतेविदेओ अशा त्यांच्या जगभरच्या माळेत मुंबई हे आठवे नाव होते. पुढच्या सहा वर्षांत त्या क्लबने जे केले ते मी मनापासून मानतो. २०२०-२१ च्या मोसमात साखळीतले अव्वल स्थान आणि अंतिम विजेतेपद ही दोन्ही एकाच वर्षी मिळवणारा मुंबई सिटी हा इंडियन सुपर लीगमधला, म्हणजे आयएसएलमधला, पहिला संघ ठरला आणि एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लबही तोच झाला. मग अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्याचा व्यापारी भागीदार यांच्यातला पंधरा वर्षांचा करार संपत आला, नवा मोसम कधी सुरू होणार हे कोणालाच सांगता येईना आणि समूहाने हिशेब करून काढता पाय घेतला.

त्यांच्या जाण्याबद्दल माझी तक्रार नाही. जिथे स्पर्धाच भरेल की नाही याची खात्री नाही, तिथे कोणीही पैसे अडकवून बसणार नाही. मला विचारायचे आहे ते वेगळेच. युरोपातला एखादा क्लब ‘आम्ही भारतात फुटबॉल रुजवायला आलो आहोत’ असे म्हणतो तेव्हा तो नेमके काय रुजवतो, आणि जिथे हा खेळ आधीच पेठापेठांत रुजलेला आहे अशा आमच्या कोल्हापुरासाठी त्याच्याकडे देण्यासारखे काय असते?

बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे आहेत. ज्या तालमींच्या लाल मातीत कुस्ती घुमली, त्याच तालमींच्या नावाने पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल हे संघ छत्रपती शाहू स्टेडियमवर उतरतात आणि त्यांच्याबरोबर शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब असे पेठांचे आणखी संघ असतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे आमच्या केएसएची, वरिष्ठ गटाची लीग सोळा संघांची आहे. राजघराण्याचा आश्रय या खेळाला पहिल्यापासून आहे. लीग संपली की तालमी आणि पुरस्कर्ते यांच्या बक्षिसांच्या स्पर्धा लागतात आणि मे महिन्याच्या उन्हातही गॅलरी भरते. पाटाकडील आणि शिवाजी मंडळ समोरासमोर आले की मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांच्यात दोन दिवस दुसरा विषय नसतो. त्या ईर्ष्येतून कधीकधी हुल्लडबाजीही होते आणि त्याची लाज वाटते. पण एवढी ईर्ष्या ज्या गावात आहे, तिथे प्रेक्षक तयार करायला कोणी बाहेरून यायची गरज नाही.

परदेशी क्लबांचा धंदा मात्र मुख्यतः प्रेक्षक तयार करण्याचाच आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगला २०२२ ते २०२५ या तीन मोसमांच्या करारांत परदेशी प्रक्षेपणातून मिळालेली रक्कम पहिल्यांदाच देशांतर्गत प्रक्षेपणाच्या रकमेपेक्षा मोठी झाली. या एका गोष्टीचा अर्थ पुष्कळ आहे. तिकडे शनिवारी दुपारी तीनचे सामने टीव्हीवर दाखवायला बंदी आहे, कारण छोट्या गावांतल्या क्लबांच्या मैदानांवरची माणसे घरी बसू नयेत अशी त्यांची काळजी आहे. पण तेच सामने कोल्हापुरात मी हिवाळ्यात रात्री साडेआठला घरबसल्या पाहू शकतो. त्यांच्या छोट्या मैदानांना जे संरक्षण आहे, ते आमच्या मैदानाला नाही. साडेबाराचा त्यांचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी बरोबर सहाला सुरू होतो. शाहू स्टेडियमवरचा चारचा सामना तोवर आटोपलेला असतो, म्हणून दोन्हींचे अजून तरी जमते. आमच्याकडेही मैदानावर बत्त्या लावून रात्रीचे सामने नियमित होऊ लागले, तर पेठेतल्या पोराला त्याचा संघ आणि मँचेस्टर यांतून एक निवडावा लागेल.

गेल्या मोसमात स्टेडियमच्या पायऱ्यांवर माझ्या पुढच्या रांगेत एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा बसला होता. अंगात बार्सिलोनाची जर्सी, पाठीवर मेस्सी आणि दहा हा आकडा. धुऊन धुऊन दहातल्या एकाचा खालचा भाग सुटून लोंबत होता आणि छातीवरच्या चिन्हाची कड उसवली होती. ही जर्सी बाजारात दोन-अडीचशेला मिळते आणि तिच्यातला एक पैसाही बार्सिलोनाला जात नाही. तो मुलगा ओरडत होता तो पाटाकडीलसाठी, आणि आपल्या बॅकने, म्हणजे बचावपटूने, चेंडू गोलासमोरच्या डीच्या बाहेर नीट न काढता मधोमध मारला तेव्हा त्याने कपाळावर हात मारून शेजाऱ्याला सांगितले की कडेला मारायला हवा होता. त्याला खेळ कळतो. तो ज्या क्लबची जर्सी घालतो, त्या क्लबच्या हिशेबात मात्र तो ग्राहक नाही, सदस्य नाही आणि खेळाडू तर नाहीच. बाजारपेठ म्हणून पाहिले तर कोल्हापूर हे असे गाव आहे, आणि म्हणूनच कोणी इथवर येत नाही.

खंबाटकी घाटाच्या पलीकडे, पुण्यापर्यंत मात्र ते आले होते. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा एफसी पुणे सिटीमध्ये इटलीच्या फिओरेंतिनाची भागीदारी होती आणि फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे बालेवाडीत खेळून गेला. २०१९ मध्ये तो क्लब बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. लिव्हरपूलच्या नावाने डीएसके शिवाजीयन्स या इथल्या क्लबबरोबर पुण्यात निवासी अकादमी निघाली, तिथून चांगली मुले तयारही होऊ लागली, पण इथला भागीदार आर्थिक अडचणीत सापडल्यावर तीही मिटली. दोन्ही ठिकाणी युरोपातल्या क्लबने नाव, रंग आणि काही माणसे दिली. जमिनीवरचा भार एकाच भारतीय भागीदारावर राहिला आणि तो कोसळला की सगळे उठून गेले. कोलकात्यात ॲटलेटिको माद्रिदचेही फार वेगळे झाले नाही. त्यांच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांत संघाने २०१४ चे पहिले विजेतेपद जिंकले, २०१६ मध्ये पुन्हा जिंकले आणि २०१७ मध्ये भागीदारी संपली. अपवाद म्हणून बायर्न म्युनिकचे नाव घ्यायला हवे. राज्याच्या क्रीडा विभागाबरोबर त्यांनी चौदा वर्षांखालील मुलांची स्पर्धा जिल्ह्याजिल्ह्यांत नेली आणि निवडलेल्या मुलांना जर्मनीत प्रशिक्षण द्यायचे ठरले. ही पद्धत मला सर्वांत योग्य वाटते. स्पर्धेची मर्यादा एवढीच की ती काही दिवसांत संपते आणि ज्या मुलांची निवड होत नाही, ती होती तिथेच राहतात.

उलट्या दिशेचा प्रवासही महाराष्ट्रातूनच झाला आहे आणि त्याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. हा इंग्लंडमध्ये १८८८ साली फुटबॉल लीग स्थापन करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक. १९९५ मध्ये त्याने प्रीमियर लीगही जिंकली होती. ऑक्टोबर २०११ मध्ये हा संघ बालेवाडीत येऊन पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला आणि त्याच मोसमाच्या शेवटी, मे २०१२ मध्ये, प्रीमियर लीगमधून खाली घसरला. मालकांवर चिडलेल्या प्रेक्षकांनी त्या अखेरच्या दिवसांत मैदानावर जिवंत कोंबडी सोडली. पुढे २०१७ मध्ये संघ आणखी एक पायरी खाली गेला आणि वर्षभरात परतला. मालकांनी त्या क्लबमध्ये घातलेला पैसा थोडा नाही. तरीही तिथल्या माणसांचे दुःख मला कळते, कारण ते गाव एकेकाळी कापड गिरण्यांचे, मध्यम आकाराचे आणि आपल्या संघावर जीव टाकणारे आहे. मालक समुद्रापलीकडे, निर्णय समुद्रापलीकडे, आणि शनिवारी पावसात उभे राहून पराभव सोसायचा तो मात्र इथल्यांनी, ही त्यांची व्यथा होती. पाटाकडीलचा किंवा दिलबहारचा कारभार उद्या कोणी लंडनमधून पाहू लागला, तर पेठेत काय होईल याची कल्पना कोल्हापूरकराला सहज करता येईल.

याच ब्लॅकबर्नमध्ये २०१९ साली आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव तीन महिने प्रशिक्षणाला गेला होता. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतासाठी खेळलेला हा मुलगा परदेशी क्लबच्या दारात पोहोचला, तो क्रीडा प्रबोधिनी आणि पुणे या वाटेने. त्याच्यासाठी कोल्हापुरात दार उघडणारे कोणी आले नव्हते, आणि आजही एखाद्या हुशार पोराला तेरा-चौदाव्या वर्षी गाव सोडल्याशिवाय वरची पायरी दिसत नाही.

खेळ परदेशी नेण्याची एक जुनी रीत मला आजच्या सगळ्या योजनांपेक्षा मोलाची वाटते. लंडनचा कोरिंथियन हा हौशी खेळाडूंचा क्लब १९१० मध्ये ब्राझीलच्या दौऱ्यावर गेला, काही सामने खेळला आणि परतला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये साव पावलो शहरातल्या रेल्वे कामगारांनी त्यांचे नाव घेऊन स्वतःचा क्लब काढला आणि तो कोरिंथियन्स आज ब्राझीलमधल्या सर्वांत मोठ्या क्लबांपैकी एक आहे. पाहुण्यांनी तिथे दुकान मांडले नाही, मालकी मागितली नाही. त्यांनी चांगला खेळ दाखवला आणि जे उभे राहिले ते तिथल्या लोकांचे राहिले. आज मात्र उलट चालले आहे. स्पॅनिश लीगने बार्सिलोना आणि व्हियारेयाल यांचा साखळी सामना थेट मायामीत भरवायचे ठरवले होते. लीगमधल्या खेळाडूंनी आपापल्या सामन्यांच्या सुरुवातीला पंधरा सेकंद स्तब्ध उभे राहून निषेध केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो बेत सोडावा लागला. व्हियारेयालच्या माणसांचा घरचा सामना उचलून दुसऱ्यांना विकणे म्हणजे खेळाचा प्रसार, असे मला कधीच पटणार नाही.

खरे तर कोल्हापुरात परदेशातून फुटबॉल आला तो कोणत्याही क्लबच्या धोरणाने नव्हे, तर आफ्रिकेतल्या खेळाडूंबरोबर. मोसमापुरते करारबद्ध होऊन नायजेरियासारख्या देशांतून ते येतात, पेठेत खोली घेऊन राहतात, चहाच्या गाड्यावर ओळखीचे होतात. त्यांच्यामुळे आमच्या बॅकना शरीराचा वापर कळला. पूर्वी स्ट्रायकर अंगावर आला की आमचा मुलगा पाय घालायचा आणि फाउल द्यायचा. आता तो आधी खांदा लावतो, चेंडू आणि स्ट्रायकर यांच्या मध्ये स्वतःला घालतो आणि मगच पाय पुढे करतो. हे कोणत्याही शिबिरात शिकवले गेले नाही. रोज सकाळच्या सरावात बलदंड माणसाला अंगावर घेऊन ते आले आहे.

म्हणून कोणी युरोपियन क्लब खरोखर इकडे यायचे म्हणत असेल, तर माझे म्हणणे अगदी थोडक्यात मांडता येईल. आमच्या वरिष्ठ संघांना हात लावू नका. ते तालमींचे आहेत आणि तालमींचेच राहावेत. उणीव आहे ती त्याखाली. बारा ते पंधरा वयोगटाला वर्षभर पुरेसे सामने मिळत नाहीत, कारण एकाच स्टेडियमवर वरिष्ठांचा सगळा मोसम उरकायचा असतो. प्रशिक्षणाचे काम बहुतेक ठिकाणी निवृत्त खेळाडू प्रेमापोटी करतात. त्यांना खेळ येतो, पण वाढत्या वयाच्या मुलाला आठवड्यात किती धावडवावे, गुडघा दुखू लागला तर किती दिवस बाहेर ठेवावे हे त्यांना कोणी पद्धतशीर शिकवलेले नाही. पंचांचे तसेच आहे, आणि मुलींच्या संघांचे तर याहून अवघड आहे.

यासाठी लागणारी रक्कम एखाद्या मोठ्या क्लबच्या एका खेळाडूच्या आठवड्याच्या पगारापेक्षाही कमी असेल. दोन अनुभवी प्रशिक्षक तीन वर्षांसाठी इथे राहायला पाठवावेत, चार दिवसांच्या शिबिरासाठी नव्हे. त्यांनी मुलांना शिकवण्याआधी तालमींच्या प्रशिक्षकांना शिकवावे आणि त्यांना महासंघाचे परवाने मिळतील इतपत तयार करावे. निम्मा खर्च कोल्हापूरही उचलू शकेल, कारण बक्षिसांसाठी लाखो रुपये देणारे पुरस्कर्ते इथे आधीच आहेत आणि त्यांतल्या एका स्पर्धेची रक्कम जरी या कामाकडे वळली तरी सुरुवात होईल. जून ते सप्टेंबर आमच्याकडे पाऊस कोसळत असतो आणि मैदानावर पाऊल टाकता येत नाही. प्रशिक्षक आणि पंच यांचे वर्ग त्या चार महिन्यांत घ्यावेत, म्हणजे नोव्हेंबरमध्ये मैदान कोरडे होईल तेव्हा लहान मुलांच्या लीगचे वेळापत्रक, तिचे प्रशिक्षक आणि तिचे पंच हे तिन्ही तयार असतील.