चिकाच्या चाळीस पिशव्या : आमची वाटचाल

आमच्या फर्मबद्दल आजूबाजूच्या तालुक्यांत दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, यांची रात्रपाळीची माणसं घोडीपेक्षा जास्त जागी असतात. दुसरी, यांचा चीक, म्हणजे व्यालेल्या घोडीचं पहिलं घट्ट दूध, नासका निघाला होता. पहिली खरी आहे. दुसरीचा हिशेब एकदाचा मांडून टाकतो.

काम काय, ते घोडेवाल्यांना ठाऊक आहे. घोडी व्यायला आली की शिंगरू सावरेपर्यंत तबेल्यावर माणूस, सामान आणि गरज पडली तर गोठवलेला चीक. गिऱ्हाईक म्हणजे मारवाडी-काठेवाडी पाळणारे शेतकरी, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून गाभण घोडी घेऊन येणारे हौशी आणि एक स्टड फार्म, म्हणजे घोड्यांची पैदास करणारा तबेला. वारेतून प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारे रक्तातले घटक, पोटातल्या पिलाला मिळत नाहीत. जे मिळायचं ते चिकातूनच, आणि २४ तासांत आतडं ते शोषून घेणं बंद करतं. म्हणून पहिले सहा-आठ तास धरायचे. ५० किलोच्या शिंगराला तेवढ्यात एक ते दीड लिटर चीक गेला पाहिजे, एका वेळी पाव लिटर.

हा चीक आम्ही दुसऱ्या घोडीचा घेतो, तिचं शिंगरू पोटभर प्यायल्यावर, एकाच सडाचा, पाव लिटरच्या वर नाही. रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे चिकाचा कस मोजायच्या यंत्राच्या, काचेवर एक थेंब टाकायचा. आकडा २३ च्या खाली आला तर साठवायचा नाही. उणे २० अंशांवर वर्षभर टिकतो. वितळवायचा तो हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात. घोड्यांची निगा राखणाऱ्या एका मोतद्दारानं घाईत पिशवी उकळत्या पाण्यात टाकली होती. चीक शिजला, गुठळ्या झाल्या, पिशवी फुकट गेली.

तर तो एप्रिल. गावची डीपी जळाली आणि दोन दिवस वीज नव्हती. फ्रीझरमध्ये चाळीस पिशव्या. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर सगळ्या मऊ. वीज आल्यावर त्या पुन्हा घट्ट गोठल्या असत्या आणि बाहेरून कुणाला कळलंही नसतं. आम्ही सगळ्या ओतून दिल्या. कर्जाचा हप्ता चालू, हंगाम अर्धा बाकी, आणि खरं सांगितल्याचं बक्षीस म्हणून ‘नासका’ हा शिक्का.

त्याच महिन्यात शेजारच्या गावात एकानं निम्म्या भावात ‘चीक पावडर’ आणली. गाईच्या चिकाची. तिचा काहीच उपयोग नाही असं आम्ही म्हणणार नाही, पण ती प्रतिपिंडं गाईच्या रोगांवरची, आणि शिंगराच्या रक्तात टिकतात थोडे दिवस. स्टड फार्म तिकडे गेला. पुढे तिथल्या शिंगराचं पोट अडलं तेव्हा फोन मात्र आम्हाला, तोही तिसाव्या तासाला.

नर शिंगरू होतं. नरांची कंबर अरुंद, म्हणून काळी लीद, म्हणजे जन्मानंतरची पहिली चिकट लीद, त्यांच्यात जास्त अडकते. ती साधारण १२ तासांत पडायला लागते. २४ तास गेले तर थांबू नये. लक्षणं ठरलेली: शेपूट वर, पाठीची कमान, कुंथणं, दोन घोट पिऊन सड सोडणं, मग उताणं लोळणं. पाठ कमानीसारखी न होता खाली खचत असेल आणि लघवी थेंबथेंब असेल, तर मूत्राशय फुटल्याची शंका घ्या, एनिमाच्या मागे लागू नका.

फॉस्फेटचा तयार एनिमा एकदाच. दुसरा-तिसरा दिला की रक्तातलं फॉस्फेट चढतं, आणि त्या शिंगराला आमच्याआधी तीन दिले होते. मग डॉक्टरांनी ॲसिटिलसिस्टीनचा लावला: ८ ग्रॅम पावडर, २० ग्रॅम खाण्याचा सोडा, २०० मिली कोमट पाणी. ३० नंबरची फोली नळी (टोकाला फुगा असलेली रबरी नळी) वंगण लावून दोन इंचांपर्यंत आत, फुगा हलक्या हातानं फुगवायचा, द्रव स्वतःच्या भारानं उतरू द्यायचा, पिचकारीनं रेटायचा नाही, आणि ४० मिनिटं नळी चिमटून धरायची. चिकट काळा गोळा पडला. त्यामागून पिवळी लीद आली की समजायचं, वाट मोकळी झाली. एरंडेल किंवा तूप घशात ओतू नका. ते फुप्फुसात गेलं की शिंगरू पोटानं नाही, न्यूमोनियानं मरतं.

त्या हंगामात तारलं ते अप्पा नावाच्या एका घोडेवाल्यानं. त्यांच्या दोन घोड्या लागोपाठ व्याल्या. दोन्हींचा चीक त्यांनी पैसे न घेता पिळू दिला आणि पुढच्या हंगामाची आगाऊ रक्कम हातावर ठेवली. फ्रीझरमधली युक्तीही त्यांचीच: पेल्यात पाणी गोठवायचं, बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. नाणं तळाला गेलेलं दिसलं, तर मध्ये कधीतरी सगळं वितळलं होतं. इन्व्हर्टर आणि अलार्म नंतर आले, नाणं अजून आहे.

पुढची वर्षं सरळ गेली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. स्टड फार्म परत आला, त्या रात्रीच्या बिलाचे पैसे मात्र अजून यायचे आहेत.

आता सगळ्यात जास्त फोन येतात ते आठवड्याभराच्या शिंगराच्या जुलाबाचे. घोडी माजावर आली की दूध बाधतं, असं म्हणतात. मग बाटलीवर वाढणाऱ्या पोरक्या शिंगरांना तेच जुलाब त्याच दिवसांत का होतात? आतडं नव्यानं रुळत असतं, आणि शिंगरू आईची लीदही चाखतं. उड्या मारतंय, पितंय, ताप नाही, तर मागचा भाग कोमट पाण्यानं धुवा, कोरडा करा, व्हॅसलीन लावा, नाहीतर कातडी सोलते. ताप ३८.९ अंशांच्या वर किंवा पिणं बंद असेल, तर डॉक्टर लगेच, आणि ते शिंगरू आईसकट बाकीच्यांपासून वेगळं. रोटाव्हायरस असेल तर तो बूट-बादल्यांवरून तबेलाभर फिरतो.

फोन करायच्या आधी तीन गोष्टी बघून ठेवा: ताप किती, शेवटची लीद कधी आणि कशी, आणि घोडीची कास. कास तटतटलेली, दूध गळतंय आणि शिंगराच्या कपाळावर वाळलेलं दूध, म्हणजे ते कासेखाली उभं राहतंय पण पीत नाही. आम्ही फोनवर पहिल्यांदा हेच विचारतो.