एकसष्टावी

30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेची मंजूर पदं ठरतात आणि संचमान्यतेवर शिक्षक. आमच्या शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग. 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 झाली की तिसरा. त्या वर्षी हजेरीपुस्तकात बरोबर 61 नावं होती, पण सरकारी पोर्टलवर आधार वैध झालेली 58च दिसत होती. आणि मोजली जाणार होती ती तेवढीच.

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावातली ही जिल्हा परिषदेची शाळा. दारावरून रोज इंग्लिश स्कूलच्या पिवळ्या गाड्या जातात. पाडव्यापासून आम्ही तिघी पट वाढवायला घरोघर फिरलो होतो. एका आईने तोंडावर सांगितलं, "मॅडम, तुम्ही शिकवता चांगलं, पण तिकडं टाय असतो." ते मला अजून लागतं. कारण आमच्या पहिलीच्या मॅडमनी गणपतीपर्यंत अख्खा वर्ग काना-मात्रांचे शब्द वाचता करून सोडला होता. आणि तिसरं पद गेलं, तर सेवेत सर्वांत कनिष्ठ म्हणून अतिरिक्त, म्हणजे जादा शिक्षक, त्याच ठरणार होत्या.

तीन मुलांपैकी दोघांचं काम सकाळीच झालं. एकाच्या आडनावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे करून घेतलं, दुसऱ्याची जन्मतारीख दाखला पाहून दुरुस्त केली. राहिली तिसरीतली एक मुलगी. तिचं आधारच नव्हतं. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते, म्हणून निदान आता तरी दोघं गावात होती. मी मायलेकींना घेऊन आधार केंद्रावर गेले.

तिथल्या मुलाने जन्माचा दाखला मागितला.

"कशाचा दाखला, बाई? उसाच्या फडावर झाली ही. कोपीत, झोपडीत," आई म्हणाली. "मुकादमाला तरी कुठं तारीख ठाऊक हाय."

वर्ष उलटून गेल्यावर जन्मनोंदणी करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तो एका दुपारात मिळत नाही. मी त्या मुलाला पुन्हा पुन्हा विनवलं. त्याच्याही हातात काही नव्हतं. आमचं बोलणं चाललेलं असताना मुलगी भिंतीवरचा कागद आईला वाचून दाखवत होती. बोट न ठेवता, न अडखळता. "आई, हे बघ, लागणारी कागदपत्रं. एक, जन्म प्रमाणपत्र." आई मान डोलवत ऐकत होती.

2009च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम 14 सांगतं, की वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. म्हणूनच तर मी तिला हक्काने वर्गात बसवलं होतं. तीन वर्षं ती आमच्याकडे शिकली, जेवली, परीक्षा दिल्या. आणि शिक्षक मोजायची वेळ आली तेव्हा ती नव्हतीच. हे मला त्या दिवशीही पटलं नाही, आजही पटत नाही. मूल समोर बसलेलं दिसतं, त्याला मोजायला आणखी काय लागतं?

संध्याकाळी पोर्टलवर आकडा 60 झाला.

पुढे अतिरिक्त शिक्षकांच्या समायोजनात पहिलीच्या मॅडम तालुक्यातल्याच दुसऱ्या शाळेत गेल्या. जाताना अक्षरकार्डांचा डबा माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. आता चार वर्ग आम्ही दोघी जोडवर्ग करून घेतो. ती मुलगी त्या हंगामात आजीपाशी राहिली. तिच्या जन्मनोंदणीचा अर्ज तहसीलमध्ये आहे. सोमवारी शाळा सुटली की मी तिथे जाऊन विचारून येते.