फेल्डस्पार अपडेट: रंग सोडा, रेघा बघा

मंडळी, झिओलाइटचे (बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या स्फटिकांचे) ट्रे सध्या कपाटात गेलेत आणि टेबलावर फक्त फेल्डस्पार हे खनिज पसरलंय. आपल्याकडे स्टिल्बाइट-अपोफिलाइट अशी देखणी खनिजं म्हटलं की सगळे तुटून पडतात आणि पृथ्वीच्या कवचाचा निम्म्याहून जास्त भाग ज्याने बनलाय त्या फेल्डस्पारला शोकेसमध्ये कोणी उभं करत नाही. असो, त्यामुळेच तो स्वस्तात मिळतो, माझी काही तक्रार नाही.

आधी ओळखण्याबद्दल. गुलाबी तो ऑर्थोक्लेज (पोटॅशवाला फेल्डस्पार) आणि पांढरा तो प्लॅजिओक्लेज (सोडा-कॅल्शियमवाला) हे प्रॅक्टिकलच्या परीक्षेपुरतं ठीक आहे, पण माझ्याकडे पांढराशुभ्र मायक्रोक्लिन (हाही पोटॅशवालाच) आहे आणि हिरवा-निळा अ‍ॅमेझोनाइट, तोही मायक्रोक्लिनच. (तो रंग तांब्यामुळे येतो असं खूप वर्षं समजलं जायचं, खरं तर शिसं आणि स्फटिकातलं थोडंसं पाणी मिळून तो येतो.) काठिण्य सगळ्यांचं १ ते १० च्या मोह्स मापावर ६ च्या आसपास, म्हणजे काच ओरखडली जाते, चाकूची दाळ शिजत नाही, आणि क्वार्ट्झ मात्र यांना ओरखडतो. कॅल्साइट आणि क्वार्ट्झ बाजूला काढायला एवढं पुरतं, पण फेल्डस्पारमधले आपापसातले प्रकार यातून कळत नाहीत.

खरी मजा क्लीव्हेजमध्ये आहे, म्हणजे स्फटिक ठरावीक दिशेने सपाट तुटतो त्यात. दोन दिशांना तुटतो, ऑर्थोक्लेजमध्ये बरोबर काटकोनात, प्लॅजिओक्लेजमध्ये ८६ अंशांच्या आसपास, आता हा चार अंशांचा फरक डोळ्यांनी कोण बघणार. त्यापेक्षा रेघा बघा. टेबल लॅम्प एका बाजूने तिरका लावायचा, तुकडा बोटांत धरून हळूहळू फिरवायचा, क्लीव्हेजचा सपाट भाग आरशासारखा चमकला की तिथेच थांबायचं आणि १०एक्स लूप (दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग) डोळ्याला लावायचा. प्लॅजिओक्लेज असेल तर अगदी सरळ, पट्टीने आखल्यासारख्या बारीक समांतर रेघा दिसतात, कारण तो स्फटिक पातळ पातळ जुळ्या थरांचा बनलेला असतो. एका क्लीव्हेजवर दिसल्या नाहीत तर दुसऱ्यावर बघा, त्या एकाच दिशेच्या क्लीव्हेजवर असतात. मायक्रोक्लिनवर कधीकधी पांढरे पट्टे दिसतात पण ते वाकडेतिकडे, मध्येच फुटणारे, ते पर्थाइट, म्हणजे थंड होताना पोटॅशवाल्या फेल्डस्पारमधून वेगळा झालेला सोडावाला भाग. या दोन्हींत गोंधळ करू नका.

रेघा दिसल्याच नाहीत तर वजन करून घनता काढायची. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घेतलाय, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून झिरो करायचं, तुकडा दोऱ्याने पाण्यात लोंबकळत सोडायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, काट्यावर जो आकडा येईल त्याने हवेतल्या वजनाला भागायचं, ती घनता. माझा पांढरा तुकडा ४१.२ ग्रॅम, पाण्यात आकडा १६.१, म्हणजे २.५६, हा पोटॅशवालाच. प्लॅजिओक्लेजच्या प्रकारांत अल्बाइट २.६२ ला येतो, लॅब्राडोराइट २.७० च्या आसपास, अ‍ॅनॉर्थाइट २.७६. कॅल्शियम वाढत जातं तशी घनता वाढते. फक्त तुकड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे ब्रशने काढा, नाहीतर घनता हमखास कमी येते.

आता आपल्या घरचं. मंचरकडे आणि कसारा घाटात डेक्कन ट्रॅपचे (दख्खनच्या लाव्हाच्या खडकाचे) काही थर असे आहेत की काळ्या बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेजचे तीन-चार सेंटीमीटर लांबीचे फिकट स्फटिक आडवेतिडवे रुतलेले दिसतात, जायंट प्लॅजिओक्लेज बेसाल्ट म्हणतात त्याला. हे स्फटिक खाली मॅग्मात सावकाश वाढले आणि लाव्हा वर आला तेव्हा तयारच बरोबर आले, म्हणून भोवतीचा दगड बारीक कणांचा आणि हे एवढे मोठे. झिओलाइटच्या नादात आपण सगळे हे ओलांडून पुढे जातो राव. रचनेने बरेचसे लॅब्राडोराइटच, पण लॅब्राडोराइट फिरवला की आतून चमकणारा तो निळा झोत माझ्या तुकड्यांत अजिबात नाही. तो यायला स्फटिकाच्या आत वेगवेगळ्या रचनेचे अतिशय पातळ थर लागतात आणि ते फार सावकाश थंड झाल्याशिवाय होत नाहीत. ज्यांना निळं बघायचंय त्यांनी ग्रॅनाइटच्या दुकानात ब्लू पर्ल नावाची ओट्याची फरशी बघावी, तो नॉर्वेचा लार्विकाइट, आतली चमक फेल्डस्पारचीच.

सध्या मंचरच्या तुकड्याची थिन सेक्शन, म्हणजे प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ चकती, घासतोय. ०.०३ मिलीमीटरपर्यंत जायचंय, दोन पोलरॉइड फिल्ममध्ये धरल्यावर प्लॅजिओक्लेज अजून पिवळा दिसतोय, करडा-पांढरा झाला की जाडी जमली. मग जुळ्या थरांचे काळे-पांढरे पट्टे दिसायला हवेत, फोटो टाकतोच. तोपर्यंत कोणाला पुण्यात १००० ग्रिटची कार्बोरंडम पावडर पाव किलोत देणारा माहीत असेल तर सांगा, इथे सगळे पंचवीस किलोची गोणीच घ्या म्हणतात.